चौकीवरचा नारळ

त्या वर्षी आमच्या घरात नारळ येत नव्हता. मालवणकडच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे आहे, बाकीच्यांसाठी थोडं खुलासेवार सांगते. आमच्याकडे उसळ असो, आमटी असो की माशाचं कालवण, आधी पाट्यावर वाटण वाटलं जातं, आणि वाटण म्हणजे ओला नारळ. मुलुंडच्या आमच्या चाळीत सकाळी आईच्या पाट्याची घरघर सुरू झाली की शेजारच्या गायकवाडकाकू आपल्या पोरांना हाका मारायच्या, "उठा रे, परबीण वाटायला बसली." त्यांच्या घरात घड्याळ होतं, पण ते मागे पडायचं. आई मागे पडायची नाही. माझा भाऊ गेला आणि आईने पाटा भिंतीला उभा करून ठेवला. त्यानंतर आमच्या ताटात पिवळं पाणी यायचं, त्यात डाळ असायची, मीठ असायचं, कधी नसायचंही. कुणी काही बोलायचं नाही. जेवण म्हणजे ताट पुढे येतं आणि मग ते उचललं जातं, एवढंच उरलं होतं.

भावाचं नाव दिगंबर, घरात दिगू, माझा दिगूदादा. तो गेला काविळीने. पावसात पडून राहिला, डोळे हळदीसारखे झाले, गावठी औषधाच्या माळा घालून झाल्या, मग इस्पितळ, आणि गणपतीच्या आधी सगळं संपलं. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि मला वाटतं तोच आमचा घोळ होता. एखादा अपघात झाला असता, कुणाशी मारामारी झाली असती, तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. काविळीला काय शिव्या देणार? सुतक म्हणून त्या वर्षी गणपती आला नाही. घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आई त्याच्या कपड्यांना "ते कपडे" म्हणायची आणि बाबा तर काहीच म्हणायचे नाहीत. मी तेव्हा अकरावीत होते. मला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, परीक्षेची भीती वाटत नव्हती. दातांच्या डॉक्टरकडे सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी अख्खी झाले होते. आज हे लिहिताना वाटतं की घरात आम्ही तिघंही तसेच होतो, फक्त एकमेकांना सांगत नव्हतो.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा परळच्या गिरणीत माग चालवणारे साचेवाले होते, आणि चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा होता. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी खुल्या आवाजात केलेलं बोलणं. कुणाच्या वतीने, कशासाठी, काय मागणं आहे, ते नावानिशी सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. बाबांचा आवाज असा की पलीकडच्या चाळीतली माणसं गॅलरीत यायची आणि तिथूनच व्हय म्हाराजा करायची. संपात गिरणी गेली आणि तो आवाज अर्ध्यावर आला. वर्षभर बाबा घरी बसून होते. शेवटी एका रंगाच्या कंपनीत वॉचमनची नोकरी लागली, तोवर आम्ही पुरते जेरीला आलो होतो. दिगूदादा गेल्यावर उरलेला आवाजही गेला. कंपनीच्या फाटकावर सलाम ठोकायला आवाज लागत नाही, तेवढी एक सोय होती.

दिगूदादा शेवटच्या उन्हाळ्यात जंगलखात्याच्या रोजंदारीवर होता. आमच्या चाळीच्या मागे रस्ता, रस्त्यामागे झोपड्या, आणि त्यांच्यामागे लगेच डोंगर सुरू व्हायचा. त्या डोंगराच्या माथ्यावर खात्याची एक चौकी होती, चार लोखंडी खांबांवर पत्र्याची खोली आणि वर जायला शिडी. उन्हाळ्यात गवत वाळलं की वणवे लागतात. कुठे धूर दिसतो का हे तिथे बसून बघायचं, दिसला की खाली कळवायचं आणि फांद्यांनी आग झोडपायला धावायचं, हे त्याचं काम. त्याच्या जोडीला गायकवाडकाकूंचा मिलिंद होता. दोघं एकाच वर्गात नापास झालेले, त्यामुळे दोस्ती पक्की. आमच्या गॅलरीतून ती चौकी खडूच्या ठिपक्याएवढी दिसायची. "आये, तुका एकदा वर नेतलंय," असं दादा सारखा म्हणायचा, आणि मिलिंद री ओढायचा, "काकी, एकदम सोपा रस्ता आहे. निम्म्यापर्यंत तर जीप जाते. गप्पा मारत पोचाल." आई म्हणायची, माझे पापड व्हायचेत, माझी आमसुलं वाळायचीत, ऊन केवढं आहे. मग ठरलं की पाऊस संपला की जाऊ. एवढा सोपा रस्ता, कधीही जाता येईल. अवघड असता तर आम्ही तारीख ठरवली असती, चार माणसं गोळा केली असती आणि जाऊन आलो असतो. सोपा होता म्हणून राहिला.

आता माझ्या नातीचा ग्रुप शनिवार-रविवार असल्या डोंगरांवर जातो. आठवडाभर फोनवर त्यांचं ठरवणं चालतं, कोण बिस्किटं आणणार, कुणाचे बूट कसले. मी ऐकत असते. ठरवण्यातच त्यांची निम्मी मजा होऊन जाते. आमचं ठरवणं तसं नव्हतं.

दिवाळीच्या दिवसांत, म्हणजे आमच्याकडे दिवाळी नव्हती त्या दिवसांत, मिलिंद एका दुपारी आला आणि दारातच उभा राहिला. आई ताटात तांदूळ निवडत होती. मी खाटेवर पुस्तक धरून बसले होते. मिलिंद म्हणाला, "काकी, एक बोलायचं होतं. कधीपासून बोलायचं होतं."

"बोल," आई म्हणाली. मान वर केली नाही.

"चौकीवर पहिल्या आठवड्यात दिगूने एक दगड मांडला होता. ऐनाच्या झाडाखाली. शेंदूर लावला त्याला. म्हणाला, प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय आपण बसायचं नाही. आणि मग तुमच्यात म्हणतात ना, ते गाऱ्हाणं, ते म्हणाला. बापाक काम लागू दे, आवशीक घेवन येतलंय, तिच्या हातान नारळ ठेवतलंय. मला बोलला, तू व्हय म्हाराजा म्हण, त्याशिवाय लागू होत नाय. मी बोललो, आमच्यात असलं काय नसतं यार. तर बोलला, तुझ्यात नसू दे, माझ्यात आहे ना. मग म्हटलं मी."

त्यांच्या घरात खरंच असलं काही नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, नवस-सायास गायकवाडकाकूंनी कधी केले नाहीत आणि करणाऱ्यांना त्या सुनावल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मिलिंदने घरी हे सांगितलं नसणार.

आईचा हात ताटात थांबला. "बापाक काम लागला," ती म्हणाली.

"हो काकी. पंधरा-वीस दिवसांत लागलं. दिगू नाचला होता वर."

"आणि नारळ ऱ्हवलो."

मिलिंद चौकटीचा सुटलेला रंग नखाने खरवडू लागला.

"म्हणान नेल्यान त्याका," आई म्हणाली. आज पाणी लवकर गेलं असं सांगावं, तशा आवाजात.

"नाही काकी, तसं नसतं. कावीळ झाली होती त्याला. डॉक्टर बोलले ना."

"तुमच्यात नसात," आई म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मिलिंद उभाच राहिला. त्याला वाटलं होतं की दोस्ताची गोष्ट सांगितल्यावर मन हलकं होईल, तर उलट त्याच्याच गळ्यात धोंडा पडला. रस्ता सोपा आहे, कधीही जाऊ, हे शब्द त्याचे होते. त्या दिवसानंतर त्याने आमच्या दारावरून जाणं सोडलं, मागच्या जिन्याने उतरायला लागला. गायकवाडकाकू आईला विचारायच्या, "पोरांचं काही वाजलं का गं?" आई नाही म्हणायची. मला मात्र त्या दुपारीच एक कळून चुकलं. दादा काविळीने गेला होता तोवर आम्ही नुसते बधिर होतो. आता आईला दिसत होता एक दगड, ज्याने तिचा मुलगा नेला, आणि एक नारळ, जो वेळेत ठेवला असता तर मुलगा राहिला असता. हे तिच्या मनात एकदा रुजलं तर ती मरेपर्यंत निघणार नव्हतं. आईला मी ओळखत होते. तिचे वडील आंब्यावरून पडले ते अमावास्येला, म्हणून ती अमावास्येला आंबा खात नसे.

पुढे थंडी पडली. एक दिवस जेवताना आई म्हणाली, "थंय जावक व्हया."

"खंय?" बाबांनी विचारलं.

"चौकीर."

बाबा जेवत राहिले. मला वाटलं नाही म्हणतील. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बुधवारी माझी सुट्टी असता." एवढंच. मग मला मिलिंदकडे पाठवण्यात आलं. तो नळावर तोंड धूत होता. मी म्हटलं, आई वर जायचं म्हणतेय, तू वाट दाखव. साबण चेहऱ्यावर तसाच ठेवून तो म्हणाला, "रस्ता सोपा आहे," आणि आपलंच बोलणं ऐकून त्याने तोंड नळाखाली घातलं. मग म्हणाला, "जंगलखात्याच्या गार्डला विचारतो. पाण्याचं तुम्ही बघा, वर पाणी नाही."

अशी आमची तयारी सुरू झाली. बाहेरून बघणाऱ्याला ती सहलीची वाटली असती. आईच्या चपलेचा अंगठा शिवून आणला. दादाचे कॅनव्हासचे बूट खाटेखाली होते, ते मला होतील का हे आईने माझ्या पायाकडे बघून ठरवलं आणि कागद कोंबून मला दिले. ते घालताना आपल्याला काही वाटेल अशी मी वाट बघितली, पण बूट थोडे मोठे आहेत एवढंच वाटलं. बाबांचा ड्यूटीवर चहा न्यायचा एक प्लास्टिकचा कॅन होता, तो पाण्यासाठी घासला. गॅलरीतल्या बायकांनी विचारलं, कुठे निघालात, आई म्हणाली, डोंगरावर. "बिबट्या असतो हो तिकडे," एकीने सांगितलं. "असू दे," आई म्हणाली. त्या बाईने पुढे काही विचारलं नाही.

नारळ बाबांनी आणला. दुकानात उभं राहून एकेक नारळ कानाशी हलवून बघताना मी त्यांना रस्त्यापलीकडून पाहिलं. बराच वेळ लावला त्यांनी. घरी आणून तो फळीवर ठेवला, शेंडी वर करून. कित्येक महिन्यांत घरात आलेला तो पहिला नारळ. बुधवार यायला अजून अवकाश होता, आणि तेवढे दिवस तो तिथे बसून होता. आम्ही त्याच्याखाली जेवायचो. आई खालून वाकून डबे काढायची, पण त्याला हात लावायची नाही. आदल्या दिवशी गायकवाडकाकूंनी शेंगदाण्याची चटणी आणून दिली, लसूण घालून कुटलेली. "वर भूक लागते," त्या म्हणाल्या. आपला मुलगा वाट दाखवायला येणार हे त्यांना माहीत होतं. कशासाठी ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही त्या बोलल्या नाहीत.

बुधवारी सकाळी निघालो. मिलिंद पुढे, मागे आई, मग मी, शेवटी बाबा, त्यांच्या हातातल्या पिशवीत नारळ. झोपड्या संपल्या आणि वाट सुरू झाली. मी काय सांगू, ती खरोखरच सोपी होती. मातीचा रुंद गाडीरस्ता, दोन्ही बाजूंना साग, पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मध्ये मध्ये गवत कापून आणि जाळून काळे पट्टे केलेले दिसले. मिलिंद म्हणाला, या जाळरेषा, वणवा आला तर इथे अडतो. "मागच्या उन्हाळ्यात हा पट्टा आम्ही दोघांनी काढलेला," असं म्हणून तो चालत राहिला. आई न थांबता चढत होती. पदर कमरेला खोचलेला. आपण दमलो असतो, बसायला लागलो असतो, तर काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं, पण दम लागायच्या आत माथा आला.

चौकीला कुलूप होतं, वणव्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. मिलिंदने दाखवलं, इकडे भांडुप, ही खाडी, आणि तो लांब धूर देवनारच्या कचऱ्याच्या ढिगांचा. "तो मोजायचा नाही. पहिल्याच दिवशी सांगतात, देवनारचा धूर कधी विझत नाही, त्यासाठी पळत येऊ नका. दिगू तरी एकदा पळाला होता." त्याचं नाव असं मोकळ्यावर कुणीतरी घेतलं. बाबांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मिलिंद जीभ चावून उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "आपली चाळ तिथे. डबा खाताना तो इथून बघायचा. म्हणायचा, आये कपडे वाळत घालता बघ." आईने बघितलं. कौलांची एक पट्टी आणि दोरीवर रंगाचे ठिपके. कुणाचे ते ओळखू येत नव्हते.

दगड ऐनाखाली होता. मिलिंदने पाला बाजूला केला तेव्हा दिसला. शेंदूर पावसाने धुतला होता, एका बाजूच्या खाचेत तेवढा राहिला होता, आणि त्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. आई त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"ह्यो तो?"

"हो काकी."

"ह्योच?"

"हाच."

बाबा पुढे आले. नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. आवाज कुठून तरी खालून आला. पुढे नाव घ्यायचं असतं. कोणाच्या वतीने, कोणी बोललेला नवस, ते सांगितल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. बाबांचे ओठ हलले. "बा देवा म्हाराजा," ते पुन्हा म्हणाले आणि तिथेच थांबले. वारा नव्हता. आम्ही सगळे त्यांच्याकडे न बघता उभे होतो. ज्या माणसाने चाळीच्या साठ बिऱ्हाडांची नावं न चुकता देवापुढे घातली होती, त्याला एक नाव घेता येईना.

आई उठली आणि त्यांच्या हातातून नारळ घेतला. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कधी ऐकलं नाही. तिला त्याची चाल येत नव्हती. नळावर बाईशी बोलावं तशी ती बोलली. "माझ्या झीलान, दिगंबरान, तुका कबूल केल्यान होता. आवशीक हाडतंय म्हणालो. मी इलंय. ह्यो नारळ घे. आता तुझा आमच्याकडे काय ऱ्हवला नाय. आमचा तुझ्याकडे आसा, पण ता तू देवचंस नाय."

ती थांबली. गाऱ्हाणं संपलं की उत्तर द्यायचं असतं, त्याशिवाय ते कुठे पोचत नाही. मी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. माझ्या तोंडून काही निघेना.

"व्हय म्हाराजा," मिलिंद म्हणाला.

आईने दगडाशेजारच्या खडकावर नारळ आपटला. तो पहिल्या फटक्यात फुटला. आत स्वच्छ पांढरा होता, पण ते तिने बघितलं नाही. एक वाटी तिथे ठेवली, दुसरी पदरात बांधली. मग आम्ही चपात्या आणि गायकवाडकाकूंची चटणी खाल्ली, कॅनमधलं पाणी प्यालो, त्याला अजून चहाचा वास होता, आणि उतरलो. उतरताना मी मनातल्या मनात म्हणत होते, झालं, आई आता हा दगड घेऊनच घरी येतेय.

संध्याकाळी मी गॅलरीत बसून दादाच्या बुटातले कागद काढत होते, आणि आतून घरघर ऐकू आली. मला क्षणभर ती दुसऱ्या कुणाच्या घरातली वाटली. आत जाऊन बघितलं तर आईने पाटा आडवा घातला होता. खोबरं खवून झालं होतं, भाजलेल्या मिरच्यांचा ठसका घरभर उठला होता, आणि ती वाटत होती, खांद्यापासून, पूर्वीसारखी. चुलीवर काळे वाटाणे शिजत होते. "मिलिंदाक हाक मार," ती म्हणाली. "जेवक ये म्हणावं. म्होरल्या जिन्यान ये म्हणावं."

तो आला. दाराशीच बसला. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, वाटाण्याचं सांबारं, भात, कडेला कांदा. दाट, तांबडं, वर तेलाची चमक. तो हात लावेना. खाली मान घालून म्हणाला, "काकी, मीच बोललो होतो कधीही जाऊ म्हणून."

आई पळी हातात घेऊन उभी राहिली. "मी बघलंय तो दगड," ती म्हणाली. "एवढोसो. मुंग्यो फिरतत त्याच्यार. त्याका त्याच्या अंगावरच्यो मुंग्यो काढूक येनत नाय, तो काय माझ्या झीलाक नेतलो?" मग तिने पळी पातेल्यात ठेवली आणि स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दिगूक कावीळ झाली. काविळीन गेलो तो. दुसरा काय एक नाय."

खोलीत पातेल्याचा रटरट आवाज होता. बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते, ड्यूटीची टोपी मांडीवर. ते वळले नाहीत.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

मोठ्याने म्हणाले, गणपतीपुढे म्हणायचे तसं. गॅलरीतून गायकवाडकाकूंनी डोकावून बघितलं, काय झालं म्हणून. आईने त्यांनाही आत बोलावलं आणि ताट वाढलं. मी जेवायला बसले. पहिला घास तोंडात घातला, तो तिखट होता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते जेवण संपेपर्यंत थांबलं नाही. आई म्हणाली, "मिरची जास्त पडली काय गो?" मी हो म्हटलं, आणि तिने मला आणखी भात वाढला.